उत्पत्ती, उत्क्रांती आणि सिकलसेल : एक अभ्यास

वाचनभाग : उत्पत्ती अध्याय १ व २, स्तोत्र १०४, योहान ९:१-७, प्रेषितांची कृत्ये १७:२२-२८



दहावीच्या सराव परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या वसतिगृहातली एक मुलगी विज्ञानाचे पुस्तक घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. भाग २ मधला पहिलाच धडा, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. म्हणाली, “ताई, हे उत्तर लिहिलं तर पाप लागतं का? शिबिरात सांगितलं होतं, हा धडा देवाच्या विरुद्ध आहे. मग ऑप्शनला टाकू का?”

तिचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत आहेत. दहावी पास झाली तर ती घरातली पहिली. तिचा प्रश्न मार्कांचा होता आणि नरकाचाही होता, आणि दोन्हींची भीती तिच्या चेहऱ्यावर सारखीच दिसत होती.

शिबिरात शिकवायला आलेल्या पाहुण्या बंधूंना दोष देणे मला सोपे गेले असते. पण अकरा वर्षांपूर्वी त्याच सभागृहात, त्याच फळ्यासमोर, मीच हा विषय शिकवला होता. धर्मशास्त्राच्या पदविकेच्या वेळची माझी वही माझ्याजवळ होती. तीत उत्क्रांतीवरच्या हरकती क्रमाने लिहिलेल्या होत्या; बहुतेक अमेरिकेतल्या पुस्तिकांचे भाषांतर. “मग माकडाची शेपूट कुठे गेली?” असे विचारून मी मुलींना हसवले होते. तेव्हा मी डार्विनचे एक पानही वाचलेले नव्हते.

त्या रात्री मुलीला मी एवढेच म्हटले की उत्तर लिही, पाप लागत नाही. मात्र ‘का लागत नाही’ हे तिला नीट सांगता आले नाही. म्हणून गेले काही महिने ती जुनी वही पुन्हा उघडून एकेक हरकत तपासली. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवते. आपल्या देणगीदारांत आणि प्रार्थना करणाऱ्यांत असे अनेक आहेत जे सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस असेच मानतात. त्यांचा विश्वास हलवण्याचा माझा हेतू नाही. पण ही वही पोरांच्या हाती देण्याआधी तीत काय लिहिले आहे हे आपण मोठ्यांनी पाहायला हवे.

सिद्धान्त म्हणतो काय

चार्ल्स डार्विन केंब्रिजमध्ये शिकला तो पाळक होण्याच्या तयारीने. १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजावरून त्याने जगप्रवास केला, आणि परतल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ आपले टिपण दाबून ठेवले. १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस या दुसऱ्या निसर्गअभ्यासकाने स्वतंत्रपणे तीच कल्पना लिहून पाठवली, तेव्हा दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले, आणि १८५९ मध्ये डार्विनचे पुस्तक निघाले.

कल्पना अवघड नाही. कोणत्याही जीवाची पिल्ले सगळी सारखी नसतात. जगू शकतील त्याहून जास्त जन्माला येतात. ज्यांच्या अंगी त्या ठिकाणी उपयोगी पडणारा गुण असतो ती जास्त जगतात, त्यांना जास्त पिल्ले होतात, आणि तो गुण पुढे जातो. पिढ्यांमागून पिढ्या असे होत गेले की सगळा समुदायच बदलतो. आणि दुसरा भाग असा की आज दिसणारे सगळे जीव मागे जात जात एकमेकांचे नातलग ठरतात.

‘माणूस माकडापासून झाला’ असे यात कुठेही नाही. माझा चुलत भाऊ माझा बाप नव्हे. आमचा आजा एक आहे, इतकेच. चिंपांझीशी आपले नाते असे चुलत आहे, आणि तो आजा आता हयात नाही. माझ्या शेपटीच्या विनोदात एवढीही समज नव्हती.

गुण पुढच्या पिढीत जातात कसे हे डार्विनला ठाऊक नव्हते. ते शोधले ग्रेगर मेंडेल या ऑगस्टिनियन मठवासीयाने, मठाच्या बागेतल्या वाटाण्यांवर. १८६६ मध्ये त्याचा निबंध छापला गेला. १९०० पर्यंत कोणी त्याची दखल घेतली नाही. उत्क्रांतीच्या इमारतीचा एक पाया असा मठात घातला गेला आहे, हे माझ्या वहीत नव्हते.

निवड कशी चालते हे आपल्या पाड्यांवरच्या लोकांना समजावून सांगायला मी डासाचे उदाहरण घेते. मलेरियासाठी घरोघर डीडीटीची फवारणी होत असे. सुरुवातीला डास पटापट मेले. नंतर मरेनासे झाले. डास काही शहाणे झाले नाहीत. ज्या थोड्या डासांच्या अंगात मुळातच डीडीटी पचवण्याची ताकद होती ते वाचले, आणि पुढची सगळी पिलावळ त्यांचीच झाली. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडू नका असे आपली आशाताई सांगते त्यामागेही हेच कारण आहे.

रक्तातली गोष्ट

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले तिथे येते.

सिकलसेल हा शब्द नंदुरबारच्या पाड्यांवर नवीन नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, लवचीक असतात. त्यांतल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते. बदल एवढाच. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडला की पेशी कोयत्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि मूल वेदनेने तळमळते. आईकडून आणि बापाकडून असे दोन्हीकडून हे जनुक आले तर आजार होतो. एकाच बाजूने आले तर माणूस ‘वाहक’ असतो. शेतात राबतो, संसार करतो, आपण वाहक आहोत हे बहुतेक वेळा त्याला माहीतही नसते.

पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. ‘चार मुलांत एक’ असा याचा अर्थ लावतात, तो चुकीचा. पहिले आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नाही. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच एका मंडळीत दोन तरुणांचे लग्न ठरले. आरोग्य केंद्रात दोघांची चाचणी करून घ्यावी असे कोणीतरी सुचवले. एक वडीलजन म्हणाले, देवाने घडवलेले उत्तम आहे, विश्वासी माणसाच्या रक्तात खोट शोधणे म्हणजे अविश्वास. मी त्या बैठकीत होते. मी गप्प बसले. ते जे बोलत होते ते माझ्याच वहीतल्या तिसऱ्या हरकतीचे दुसरे टोक होते : उत्परिवर्तन म्हणजे निव्वळ बिघाड, आणि बिघाड पापामुळे.

त्यांचे बाळ आठ महिन्यांचे असताना हातापायांची बोटे सुजली. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली. आईवडील दोघेही वाहक निघाले. बाळाची आई मला भेटली तेव्हा तिने औषधाचे काही विचारले नाही. तिने विचारले, “ताई, आमचं कोणतं पाप होतं?” मंडळीतल्या कोणी तरी तसे तिला बोलूनही दाखवले होते.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न प्रभूला विचारला होता, आणि प्रभूने तो प्रश्नच नाकारला. त्या माणसाचेही पाप नाही, आईबापांचेही नाही. इतके स्पष्ट उत्तर आपल्यापाशी असताना मी त्या बाईसमोर अडखळले. आज मी तिला आणखी एक गोष्ट सांगू शकते, आणि ती मला जीवशास्त्राने शिकवली.

हे जनुक आपल्या भागात इतके जास्त का? दर पिढीत ते काही मुलांचा जीव घेत असेल तर ते आतापर्यंत नाहीसे व्हायला हवे होते. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राभोवतीच्या थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराबद्दल असा तर्क केला की त्याचे वाहक मलेरियापासून बचावत असावेत. (हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. पक्के नास्तिक. देव आपल्याला कोणाकडून शिकवील याचा नेम नाही.) १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवले की सिकलसेलच्या वाहकांना मलेरियाचा त्रास कमी होतो. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना सिकलसेल आढळले होते. पुढे मध्य भारताच्या डोंगरपट्ट्यात ते ठिकठिकाणी सापडत गेले. जिथे शतकानुशतके जीवघेणा मलेरिया, तिथे हे जनुक.

म्हणजे असे की आपल्या रानात ज्या पिढ्यांवर मेंदूचा मलेरिया चालून आला त्यांत वाहक मुले जास्त जगली. त्या बाळाची आई आज आहे, कारण तिच्या कोणा पणजीच्या पणजीला या रक्ताने ताप पचवायला मदत केली. त्याची किंमत आज तिच्या बाळाला मोजावी लागते आहे. हे दुःख आहे, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. पण हा शाप नाही, आणि कोणाच्या पापाची खूण तर नाहीच.

सहा हजार वर्षांची पृथ्वी मानणारे काही भाऊ इथे म्हणतात, सिकलसेल हे मोडके हिमोग्लोबिन आहे, यात नवीन काय निर्माण झाले? त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. डोळा किंवा पंख कसा झाला हे सिकलसेलवरून कळत नाही. त्यासाठी दुसरीकडे पाहावे लागते. पण ‘बदल नेहमी घातकच’ हे वाक्य मात्र इथे टिकत नाही. मलेरियाच्या रानात एका बाजूने आलेले हेच जनुक राखणदार असते, दोन्ही बाजूंनी आले तर वैरी, आणि मुंबईच्या विसाव्या मजल्यावर त्याचा काही उपयोग नाही. बरे-वाईट जागेवर ठरते.

वहीतल्या बाकीच्या हरकती

पहिली हरकत, ‘ही तर फक्त थिअरी आहे’. ही मला आता गमतीची वाटते. इंग्रजी बोलीत थिअरी म्हणजे नुसता अंदाज असा अर्थ चालतो, म्हणून तिकडे या वाक्याला धार येते. आपण मराठीत म्हणतो ‘सिद्धान्त’, म्हणजे सिद्ध झालेला निष्कर्ष. पायथागोरसचाही सिद्धान्तच. हरकत भाषांतरातून आली आणि भाषांतरातच मेली, पण आपण अजून ती इंग्रजी शब्दासह घोकतो.

दुसरी, ‘मधले दुवे सापडत नाहीत’. माझ्या वहीतले हे पान लिहिले गेले तेव्हाही ते जुने झाले होते. पिसे आणि दात दोन्ही असलेला आर्किओप्टेरिक्स १८६१ पासून माहीत आहे, आणि दहावीच्या पुस्तकातही आहे. माशाच्या परांत मनगटासारखी हाडे असलेला टिक्टालिक २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेला मिळाला. कोणत्या वयाच्या खडकांत शोधायचे हे आधी ठरवून लोक तिथे गेले होते. आणि आपल्याजवळ, गुजरातेत, कच्छच्या खडकांत पाय असलेल्या आद्य देवमाशांचे जीवाश्म आहेत. त्यांतल्या एकाचे नावच कच्छिसेटस. काश्मीरच्या कालाकोट भागातून ए. रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांतून इंडोहायस नावाचा हरणासारखा छोटा प्राणी ओळखला गेला, ज्याच्या कानाचे हाड देवमाशासारखे जाड आहे. हे २००७ मध्ये जाहीर झाले. सगळे दुवे मिळाले आहेत असे कोणी म्हणत नाही. पण ‘एकही नाही’ असे मुलांना सांगणे खोटे आहे, आणि खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा व्यासपीठावरही लागू आहे.

डोळ्याबद्दलची शंका डार्विनने आपल्या पुस्तकात स्वतःच काढली होती. प्रकाश कळणाऱ्या साध्या ठिपक्यापासून आपल्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या आजही जिवंत प्राण्यांत दिसतात. उष्णतेच्या नियमाची हरकत तर त्याहून कच्ची आहे : पृथ्वीला सूर्याकडून रोज ऊर्जा मिळते, नाहीतर बीपासून सागाचे झाडही झाले नसते.

‘लहान बदल होतात, पण एका जातीची दुसरी जात होत नाही.’ ही हरकत जास्त विचारी आहे, आणि माझे मन वळले ते इथे. पदविकेच्या अभ्यासात आम्हांला पवित्र शास्त्राच्या हस्तलिखितांबद्दल शिकवले होते. छापखान्याआधी प्रती हाताने उतरवत, आणि उतरवताना चुका होत. दोन प्रतींत नेमकी तीच चूक, त्याच ओळीत आढळली तर विद्वान म्हणतात, या दोन्ही एकाच जुन्या प्रतीवरून आल्या. शाळेतले गुरुजीही कॉपी अशीच पकडतात. बरोबर उत्तर दोघांचे सारखे असू शकते, चूक सारखी असेल तर संशय येतो. आता बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करतात. आपण करत नाही, म्हणून आवळा आणि लिंबू लागते. पण ते बनवणारे जनुक आपल्यात अजून पडून आहे, मोडलेल्या अवस्थेत. आणि चिंपांझीतही ते मोडलेलेच आहे, बऱ्याच त्याच खुणांसह. शास्त्राच्या प्रतींना जो न्याय मी लावते तो इथे न लावणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

‘हेतुपूर्ण रचना’ म्हणून जी नवी मांडणी आली तिचा निकाल २००५ मध्ये अमेरिकेत डोव्हर गावच्या शाळेच्या खटल्यात लागला. ते विज्ञान नव्हे असे न्यायाधीश जॉन जोन्स यांनी ठरवले. त्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धावान कॅथोलिक. आणि रचनेच्या बाजूने साक्ष देणारे मायकेल बेही हे सर्व जीवांचे पूर्वज समान होते हे मान्य करतात! आपल्याकडे पोचणाऱ्या पुस्तिका ही दुसरी गोष्ट सांगत नाहीत.

हरकत घेणारे फक्त ख्रिस्ती आहेत असेही नाही. २०१८ मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विन चूक असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांचा आधार पवित्र शास्त्र नव्हता. २०२३ मध्ये केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून हा भाग गळला तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी पत्र लिहिले. आमच्या मुलींच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात तो आहे याचे मला समाधान आहे.

नागपूरचा मिशनरी आणि दगडातली गोगलगाय

पृथ्वीच्या वयाबद्दल थोडे. आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये वंशावळ्या जुळवून निर्मितीचे वर्ष इसवी सनापूर्वी ४००४ काढले. पुष्कळांना वाटते की डार्विन येईपर्यंत सगळी मंडळी हेच मानत होती. तसे नव्हते. संत ऑगस्टीनने चौथ्या-पाचव्या शतकाच्या वळणावर उत्पत्तीवर लिहिताना, दिवस म्हणजे साधे दिवस असा आग्रह धरला नाही, आणि निसर्गाविषयी अडाणी विधाने शास्त्राच्या नावावर खपवणाऱ्या ख्रिस्ती लोकांना सावध केले होते.

पण मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच. १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले, शाळा काढली, गोंड लोकांत फिरले, त्यांची भाषा आणि परंपरा लिहून ठेवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ते टिपण छापले गेले. आणि याच फेऱ्यांत ते दगड गोळा करत. रॉबर्ट हंटर या आपल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूरजवळ लाव्ह्याच्या थरांच्या मधले मातीचे थर अभ्यासले. त्यांत गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख आणि झाडांचे अवशेष होते. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची जुनी शिलावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते बुडाले.

त्या थरांचा अर्थ साधा आहे. लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळे साचले, झाडे उगवली, गोगलगाई नांदल्या. मग पुन्हा लाव्हा आला. असे अनेकदा. आपला सातपुडाही मोठ्या प्रमाणात याच काळ्या दगडाचा आहे, आणि त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे निघते. एका वर्षाच्या जलप्रलयात लाव्ह्यांच्या मधोमध तळी साचून त्यांत पिढ्या नांदायला वेळ मिळत नाही. हिस्लॉप ज्या खडकांतून पानांचे जीवाश्म पाठवत त्या ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाची पाने पुढे अंटार्क्टिकातही मिळाली, आणि एके काळी जोडलेल्या त्या दक्षिण खंडाला नाव मिळाले गोंडवन. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या गोंड लोकांचे नाव आहे, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

जलप्रलयाने सगळे थर झाले ही मांडणी जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांनी १९२३ च्या पुस्तकात केली आणि मॉरिस व व्हिटकोम्ब यांनी १९६१ मध्ये ती लोकप्रिय केली. म्हणजे तिचे आजचे रूप माझ्या आईपेक्षा फार मोठे नाही. १९२५ च्या टेनेसीतल्या प्रसिद्ध खटल्यात उत्क्रांतीविरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीसुद्धा साक्षीत कबूल केले की उत्पत्तीचे दिवस दीर्घ काळाचे असू शकतील.

सगळ्यांत खरी हरकत

ब्रायन यांना मुळात भीती दुसरीच होती : ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम म्हणून लोक डोक्यावर घेतील, आणि गरिबाला चिरडायला शास्त्राचा शिक्का मिळेल. ही हरकत माझ्या वहीत शेवटी, दीड ओळीत होती. मला ती पहिली वाटते.

कारण आपल्या मुलींना हे ऐकावे लागते. तालुक्याच्या शाळेत हा धडा झाला की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, “हे तर अजून रानातच आहेत.” एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी माणसांच्या पायऱ्या लावल्या, वर युरोपी आणि खाली आदिवासी, आणि उत्क्रांतीचे नाव त्यासाठी वापरले. डार्विनही त्यातून सुटला नाही. गुलामगिरीचा त्याला मनापासून तिटकारा होता, सगळी माणसे एकच जात आहेत असे त्याने १८७१ च्या पुस्तकात मांडले. पण त्याच पुस्तकात ‘रानटी’ लोकांविषयी वाचवत नाहीत अशी वाक्ये आहेत. आपल्या जुन्या मिशनरी अहवालांतही तशी आहेत, म्हणून दगड उचलताना जपून.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या तिएरा देल फ्युएगोतले लोक डार्विनने तरुणपणी पाहिले होते. त्यांच्यात मिशनचे काम कधी उभे राहणार नाही अशी त्याची खात्री होती. ते उभे राहिले तेव्हा त्याने आपण चुकलो हे मान्य केले आणि त्या मिशनरी संस्थेला वर्गणी पाठवू लागला. आपल्यासारख्याच एका संस्थेच्या देणगीदारांच्या यादीत चार्ल्स डार्विन!

सिद्धान्त स्वतः पायऱ्या लावत नाही. आज जिवंत असलेला प्रत्येक जीव तितकाच प्रवास करून आला आहे. कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएत हजारात सुमारे एका अक्षराचा फरक असतो, मग एक धडगावची असो की एक लंडनची. अथेन्सच्या टेकडीवर पौलाने सगळी राष्ट्रे एकाच मुळापासून आली असे सांगितले. मागच्या बाकाला उत्तर द्यायला आपल्या मुलींपाशी आता शास्त्र आणि विज्ञान दोन्ही आहेत.

मग उत्पत्तीचे काय

पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो, पण संध्याकाळ आणि सकाळ पहिल्या दिवसापासून आहेत. पहिल्या अध्यायात झाडे, मग प्राणी, मग माणूस. दुसऱ्या अध्यायात माणूस आधी. लिहिणाऱ्याला हे दिसत नव्हते असे समजायचे का? मला वाटते, कालक्रम सांगणे हा त्याचा विषयच नव्हता. शेजारची राष्ट्रे सूर्य-चंद्राला देव मानत होती. तो म्हणतो, हे नुसते दिवे आहेत. ही त्या काळची मोठी बातमी होती. स्तोत्र १०४ मध्ये तर देव सिंहाच्या छाव्यालाही रोज अन्न देतो. निर्मिती तिथे चालूच आहे.

कठीण प्रश्न उरतात. पापाआधी मरण होते का, रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातला आदाम कसा समजावा, यावर विश्वासी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींना आदाम हा साऱ्या मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून निवडलेला माणूस वाटतो, काहींना ती प्रत्येकाची कथा वाटते, काहींना यांपैकी काहीच पटत नाही. शास्त्र चुकत नाही असे ठामपणे मांडणारे प्रिन्स्टनचे वॉरफिल्ड उत्क्रांतीला जागा ठेवत होते. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये या अभ्यासाला मोकळीक दिली. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स नास्तिकाचे ख्रिस्ती झाले आणि उत्क्रांती मानत राहिले. या माणसांना मी अविश्वासी म्हणू शकत नाही.

जो भाऊ सहा दिवसच मानतो त्याच्याबरोबर मी प्रभुभोजनाला बसेन. दहावीच्या मुलीला मार्क सोडायला सांगू नये आणि लग्न ठरलेल्या जोडप्याला चाचणीपासून अडवू नये, एवढीच माझी त्याला विनंती राहील.

या दुसऱ्या गोष्टीवर आपल्या चार मंडळ्यांच्या पाळकांशी बोलणे झाले आहे. लग्नाची सूचना मंडळीत वाचण्याआधी दोघांनी आरोग्य केंद्रात सिकलसेलची चाचणी करून घ्यावी असे ते सुचवणार आहेत. निकाल ज्याचा त्याच्या हाती. पाळकालाही नाही, मलाही नाही, कारण वाहकाचे कार्ड कळले की मुलीचे लग्न मोडते हे आपण पाहिले आहे. दोघे वाहक निघाले तरी लग्न करावे की नाही हे त्यांनीच ठरवायचे. गरोदरपणात करता येणाऱ्या तपासण्या आणि आजारी बाळाला मिळणारी औषधे यांची माहिती त्यांना आधी मिळावी.

ते बाळ आता तीन वर्षांचे आहे. फॉलिक आम्लाच्या गोळ्या चालू आहेत, थंडीत त्रास वाढतो. त्याची आई रविवारी पुन्हा पुढच्या रांगेत बसू लागली आहे.

आणि सराव परीक्षेतली ती मुलगी उत्तर लिहून आली. मेंडेलच्या वाटाण्याचा तक्ता बरोबर होता. आर्किओप्टेरिक्सचे स्पेलिंग चुकले म्हणून अर्धा मार्क गेला. वार्षिक परीक्षेच्या आधी तिने मला पुन्हा गाठले. “ताई, आमच्या वर्गाची रक्ताची चाचणी कधी?” आरोग्य केंद्राचे पथक पुढच्या मंगळवारी येते आहे. वसतिगृहातल्या सदतीस मुलींची यादी तिनेच तयार केली आहे, आणि शेवटी माझेही नाव घातले आहे.